संगणकातील बस-सेतू आणि पत्त्यांचे वाटप : परिचालन प्रणालीच्या गाभ्याची कार्यपद्धती

प्रस्तावना :

संगणक हे आज महाविद्यालयाच्या प्रत्येक विभागाचे साधन झाले आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोजमापाचे संकेत संगणकात घेणारे कार्ड असते, ग्रंथालयात नेटवर्क कार्ड असते, संगणकशास्त्र विभागात आलेखी कार्ड असते. अशा कार्डांच्या बाबतीत एक प्रश्न वारंवार उद्भवतो. कार्ड सुस्थितीत दिसते, त्यास वीजपुरवठा मिळतो, परिचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या यादीत त्याचे नावही दाखविते. परंतु कार्ड काम मात्र करीत नाही. अशा वेळी 'कार्ड बिघडले' असा शेरा मारला जातो आणि वर्षअखेरीस ते जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित होते. अड्याळसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयास एखादे उपकरण पुन्हा खरेदी करणे म्हणजे नवा प्रस्ताव, नवी तरतूद आणि बराच काळ प्रतीक्षा असते. म्हणून हा शेरा मारण्यापूर्वी त्यामागील कारण तपासणे आवश्यक ठरते.

कार्डाचे नाव दिसणे आणि कार्डास पत्ता मिळणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिली घडूनही दुसरी न घडणे शक्य असते, आणि तसे घडले तर निर्दोष कार्डही निरुपयोगी ठरते. पत्ता मिळणे न मिळणे हे बहुधा कार्ड आणि प्रोसेसर यांच्या मध्ये असलेल्या 'सेतू'वर अवलंबून असते. परिचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल या सेतूंची मांडणी कशी करतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संगणक व्यवस्थेचा आधार घेतला आहे.

१. बस, पत्ता आणि सेतू

संगणकाचे निरनिराळे भाग ज्या सामाईक मार्गाने माहितीची देवाणघेवाण करतात त्यास बस म्हणतात. १९९२ मध्ये इंटेल कंपनीच्या पुढाकाराने पीसीआय ही बस अस्तित्वात आली. तत्पूर्वीच्या आयएसए बसवर कार्डाचा पत्ता कार्डावरील जंपर हाताने बदलून ठरवावा लागे. दोन कार्डांचा पत्ता एकच झाला की दोन्ही बंद पडत. पीसीआयने हे काम माणसाकडून काढून प्रणालीकडे सोपविले.

प्रोसेसर कार्डाशी बोलतो तो पत्त्याच्या साहाय्याने. स्मृतीतील प्रत्येक बाइटला जसा पत्ता असतो, तसाच कार्डावरील रजिस्टरांनाही पत्त्यांच्या त्याच अवकाशात एक पट्टा दिला जातो. त्या पट्ट्यातील पत्त्यावर प्रोसेसरने काही लिहिले, तर ते स्मृतीत न जाता कार्डाकडे जाते.

एका पारंपरिक पीसीआय बसवर विद्युत भाराच्या मर्यादेमुळे मोजकीच कार्डे बसू शकतात. अधिक कार्डे हवी असतील तर दुसरी बस निर्माण करून ती पहिलीस एका सेतूने जोडावी लागते. दुसऱ्या बसवर पुन्हा सेतू असू शकतो. अशा रीतीने मूळ, फांद्या व उपफांद्या असलेला एक वृक्ष तयार होतो. पुढे आलेल्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये सामाईक तारांचा मार्ग राहिला नाही. तेथे प्रत्येक जोडणी दोन टोकांमधील स्वतंत्र जोडणी असते. तथापि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तिचा प्रत्येक मूळ पोर्ट हा सेतूच असतो. त्यामुळे आजच्या साध्या संगणकातही अनेक सेतू असतात.

२. सेतूची खिडकी

सेतूच्या पलीकडे कोणती कार्डे आहेत याची यादी सेतूजवळ नसते. त्याच्याजवळ केवळ काही सीमा असतात. अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंतची मागणी आली तर ती पलीकडे जाऊ द्यावी, एवढेच त्यास ठाऊक असते. या पट्ट्यास सेतूची 'खिडकी' म्हणतात.

टपाल खात्याच्या पिन कोडचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. भंडाऱ्याचा पिन कोड ४४१९०४ आहे. दूरच्या वर्गीकरण केंद्रास भंडाऱ्यातील गल्ल्या माहीत असण्याचे कारण नाही. पहिले तीन अंक ४४१ आहेत एवढे पाहून ते पत्र योग्य दिशेस पाठविते. सेतूही असाच केवळ पट्टा पाहून निर्णय घेतो. म्हणून पलीकडील प्रत्येक कार्डाचा पत्ता त्याच्या पट्ट्यातच असला पाहिजे. पट्ट्याबाहेरचा पत्ता दिलेले कार्ड कितीही उत्तम असले तरी त्याच्यापर्यंत मागणी पोहोचणार नाही.

प्रत्येक सेतूला तीन प्रकारच्या खिडक्या असू शकतात. पहिली खिडकी इनपुट-आउटपुट पत्त्यांची असते व तिचे मोजमाप ४ किलोबाइटच्या पटीत होते. दुसरी खिडकी साध्या स्मृती-पत्त्यांची असून तिचे मोजमाप १ मेगाबाइटच्या पटीत होते. तिसरी 'प्रीफेचेबल' म्हणजे आगाऊ वाचनास योग्य अशा स्मृती-पत्त्यांची असते व तिचेही मोजमाप १ मेगाबाइटच्या पटीत होते. काही रजिस्टरे अशी असतात की ती वाचताच त्यांच्यातील मजकूर बदलतो. त्यांचे आगाऊ वाचन घातक ठरते, म्हणून त्यांची खिडकी वेगळी ठेवली आहे. खिडकीचा आरंभ तिच्या अखेरपेक्षा मोठा लिहिला की ती खिडकी बंद झाली असे सेतू समजतो.

खिडकीचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. अनेक कार्डे प्रोसेसरची मदत न घेता थेट मुख्य स्मृतीत माहिती लिहितात. त्यास डीएमए म्हणतात. कार्डाकडून आलेला पत्ता खिडकीच्या बाहेरचा असेल तरच सेतू तो वरच्या दिशेस जाऊ देतो. खिडकीत मोडणारा पत्ता पलीकडच्याच बसवरील कुणाचा तरी आहे असे तो मानतो. म्हणून खिडकी चुकून मुख्य स्मृतीच्या पट्ट्यावर आली, तर प्रोसेसरच्या आज्ञा तर भरकटतीलच, शिवाय कार्डाने पाठविलेली माहितीही स्मृतीपर्यंत पोहोचणार नाही.

३. वृक्षाचा शोध आणि बसचे क्रमांक

पत्ते वाटण्यापूर्वी कर्नेलला वृक्षात काय काय आहे ते शोधावे लागते. प्रत्येक कार्डास संरचना-अवकाश नावाची एक छोटी जागा असते. पारंपरिक पीसीआयमध्ये ती २५६ बाइटची, तर पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४०९६ बाइटची आहे. ही जागा पत्त्याने नव्हे, तर बस क्रमांक, उपकरण क्रमांक आणि कार्य क्रमांक यांनी ओळखली जाते. एकूण २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ उपकरणे व प्रत्येक उपकरणाची ८ कार्ये अशी या मांडणीची कमाल मर्यादा आहे.

कर्नेल बस क्रमांक शून्यापासून प्रारंभ करतो. मार्गात सेतू आढळला की तो त्यात तीन क्रमांक लिहितो : अलीकडील बसचा, लगतच्या पलीकडील बसचा आणि पलीकडे असलेल्या सर्व बसपैकी सर्वांत मोठा. हा तिसरा क्रमांक आरंभी ज्ञात नसतो. म्हणून तेथे तात्पुरता २५५ हा क्रमांक लिहून कर्नेल पलीकडे उतरतो, त्या फांदीच्या टोकापर्यंत जातो आणि परतताना खरा क्रमांक लिहितो.

या टप्प्यावर कार्डाचे नाव यादीत येते, कारण निर्माता व प्रकार यांची माहिती संरचना-अवकाशातच असते. ती वाचण्यासाठी खिडकीची गरज नसते. 'यादीत आहे, पण चालत नाही' या कोड्याचा उलगडा येथे होतो.

४. मागणीचे मोजमाप

यानंतर प्रत्येक कार्डास किती जागा हवी हे कर्नेल विचारतो. साध्या कार्डात पायाभूत पत्ता लिहिण्याची सहापर्यंत रजिस्टरे असतात. त्यांना बार असे संक्षिप्त नाव आहे. कर्नेल कार्डाचे पत्त्यास प्रतिसाद देणे क्षणभर थांबवितो, बारमध्ये सर्वत्र १ लिहितो आणि तेच रजिस्टर पुन्हा वाचतो. कार्डास जे द्विमान अंक बदलू देता येत नाहीत ते शून्यच राहतात. प्रकार दर्शविणारे शेवटचे चार अंक वगळून वाचल्यावर खालचे २० अंक शून्य आढळले, तर मागणी २ चा २० वा घात म्हणजे १ मेगाबाइट एवढी आहे असा निष्कर्ष निघतो.

मागणी नेहमी २ च्या घातात असते आणि तिचा आरंभही तिच्या आकाराच्या पटीतच असावा लागतो. १६ मेगाबाइट मागणाऱ्या कार्डाचा पट्टा १६ ने भाग जाणाऱ्या मेगाबाइटवरच सुरू होऊ शकतो. या अटीमुळे वाटपाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

एका सेतूपलीकडे १६ मेगाबाइट, ४ मेगाबाइट व ६४ किलोबाइट अशा मागण्यांची तीन कार्डे आहेत आणि खिडकी ३०७२ व्या मेगाबाइटपासून सुरू करावयाची आहे असे समजू. मोठी मागणी प्रथम घेतली तर पहिले कार्ड ३०७२ ते ३०८८, दुसरे ३०८८ ते ३०९२ व तिसरे ३०९२ पासून ६४ किलोबाइट असे बसते. खिडकी १ मेगाबाइटच्या पटीत हवी असल्याने ती २१ मेगाबाइटची होते. आता लहान मागणी प्रथम घेऊ. ६४ किलोबाइटचे कार्ड ३०७२ वर बसताच ४ मेगाबाइटच्या कार्डास ३०७६ पर्यंत व १६ मेगाबाइटच्या कार्डास ३०८८ पर्यंत सरकावे लागते. अखेर ३१०४ वर येते आणि तीच तीन कार्डे ३२ मेगाबाइट जागा व्यापतात. म्हणून कर्नेल मागण्या उतरत्या क्रमाने लावतो.

सेतूच्या पलीकडे दुसरा सेतू असल्यास त्याची पूर्ण खिडकी हीच एक मागणी मानली जाते. म्हणजे मोजमाप टोकाकडून मुळाकडे चालते आणि प्रत्यक्ष वाटप मुळाकडून टोकाकडे होते. आपल्या भागातील वाचकांना कालव्यांच्या आखणीवरून ही गोष्ट सहज पटेल. गोसेखुर्दसारख्या प्रकल्पात शेतांची गरज आधी लघुवितरिकेवर, मग वितरिकेवर, मग मुख्य कालव्यावर मोजली जाते. पाणी मात्र उलट दिशेने वाहते. साम्य येथेच संपते. कालव्याचे पाणी कमी पडले तर सर्वांना थोडे कमी देता येते. पत्त्यांच्या बाबतीत मात्र अखंड व योग्य जागी सुरू होणारा पट्टा मिळतो, अथवा काहीच मिळत नाही.

५. दोन अधिकारी : फर्मवेअर आणि कर्नेल

हे वाटप कर्नेलच्या आधी एकदा झालेले असते. संगणक सुरू होताच बायोस अथवा तत्सम फर्मवेअर सेतू व कार्डे यांना पत्ते देते, कारण पडद्यावर अक्षरे दाखविण्यासाठी व डिस्क वाचण्यासाठी त्यासही कार्डे लागतात. त्यानंतर कर्नेल येतो. त्याच्यापुढे प्रश्न असतो : पूर्वीचे वाटप मान्य करावे की मोडून नवे करावे?

लिनक्स कर्नेल सामान्यतः आधीचे वाटप तपासून ते मान्य करतो. प्रत्येक पट्टा वरच्या सेतूच्या खिडकीत बसतो का व दुसऱ्या पट्ट्यावर चढत नाही ना, हे तो पाहतो. बसत असेल तर त्यावर दावा नोंदवितो. न बसणाऱ्यांना पुढील फेरीत नवी जागा शोधतो. वृक्षाच्या मुळाशी एकूण किती पत्ते उपलब्ध आहेत हे फर्मवेअर एसीपीआय कोष्टकातून सांगते. २००८ वा त्यानंतरच्या बायोसवर लिनक्स हे कोष्टक आपोआप प्रमाण मानतो.

आधीचे वाटप सरसकट मोडण्यात धोका असतो. काही उपकरणे फर्मवेअर पडद्याआडून वापरीत असते. तसेच ज्या कार्डाचा चालक म्हणजे ड्रायव्हर काम करू लागला आहे, त्याचा पत्ता मध्येच बदलता येत नाही. याउलट आधीचे वाटप जसेच्या तसे ठेवले तर अडचण दुसरीच येते. समजा, फर्मवेअरने एका सेतूस १६ मेगाबाइटची खिडकी दिली आणि लगेच पुढचा पट्टा शेजारच्या सेतूस दिला. पहिल्या सेतूपलीकडे ३२ मेगाबाइट मागणारे कार्ड लावले, तर शेजारी हलल्याशिवाय खिडकी वाढू शकत नाही. अन्यत्र कितीही पत्ते मोकळे असले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

या पेचावर निरनिराळ्या प्रणालींनी निरनिराळे उपाय योजले आहेत. लिनक्स मागण्यांचे 'अनिवार्य' व 'ऐच्छिक' असे दोन भाग करतो. संगणक चालू असताना नवे कार्ड लावता येईल अशा सेतूपलीकडे भविष्यासाठी तो मूलतः २ मेगाबाइट स्मृती-पत्ते राखून ठेवतो. ही ऐच्छिक मागणी होय. सर्वांना जागा पुरली नाही तर ऐच्छिक मागण्या सोडून अनिवार्य तेवढ्या भागविल्या जातात. तरीही न भागल्यास, 'रीॲलॉक' हा पर्याय चालू असेल तर, कर्नेल प्रथम टोकाच्या सेतूंच्या आणि नंतर वरच्या सेतूंच्या खिडक्या मोकळ्या करून नव्याने वाटप करतो. विंडोजमध्ये २००७ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्टापासून सेतूंच्या अनेक पातळ्यांवर पुनर्वाटप करण्याची सोय आली. फ्रीबीएसडी मागणी येईल तशी खिडकी वाढविण्याचा प्रयत्न करते. तिन्ही उपायांची परिणामकारकता अखेर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे : प्रथम वाटप करणाऱ्याने पुढच्यांसाठी जागा ठेवली होती की नाही.

६. खोडद येथील उदाहरण

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण नारायणगावजवळ खोडद येथे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हे तिचे वैशिष्ट्य. या अँटेनांचे संकेत एकत्र करण्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक यंत्रणेऐवजी बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा उपयोग करणारी व्यवस्था येथे विकसित झाली. जयंत रॉय, यशवंत गुप्ता व सहकाऱ्यांच्या २०१० मधील शोधनिबंधात तिचे वर्णन आहे. पीसीआयवर बसणारी संकेत-अंक रूपांतर कार्डे आणि लिनक्सवर चालणारे ४८ संगणक हे तिचे मुख्य घटक. ३२ अँटेना, प्रत्येकी दोन ध्रुवीकरणे व ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा अशी तिची क्षमता सांगितली आहे.

या आकड्यांवरून बसवरील भाराची कल्पना करता येते. ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा अचूक टिपण्यासाठी नायक्विस्टच्या नियमानुसार प्रत्येक संकेताचे सेकंदास किमान ६ कोटी ६० लाख नमुने घ्यावे लागतात. ६४ संकेतांचे मिळून हे सुमारे ४२२ कोटी नमुने होतात. नमुना एक बाइटचा धरला तर एका संकेतास सेकंदाला ६६ मेगाबाइट लागतात. ३२ अंकी, ३३ मेगाहर्ट्झच्या मूळ पीसीआय बसची कमाल वहनक्षमता १३३ मेगाबाइट आहे. म्हणजे अशा एका बसवर सिद्धांततःही दोनच संकेत मावतील. असे काम अनेक संगणकांत व अनेक बसवर विभागणे का अपरिहार्य ठरते, हे यावरून ध्यानात येईल.

हा सर्व प्रवाह कार्डाकडून स्मृतीकडे, म्हणजे सेतू असल्यास त्याच्या खिडकीबाहेरच्या पत्त्यांकडे वाहतो. अशा प्रवाहात माहिती पुन्हा मागण्याची सोय नसते. आकाशातून आलेला संकेत निघून गेलेला असतो. बसची मांडणी अचूक असणे ही अशा संशोधनाची पूर्वअट आहे. पुढे उन्नत जीएमआरटीत पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला आणि एफपीजीए व जीपीयू यांचा वापर सुरू झाला. जीपीयूमुळे पत्त्यांच्या मागणीचा प्रश्न वेगळ्याच परिमाणात पुढे येतो.

७. चार गिगाबाइटची मर्यादा

३२ अंकी पत्त्याने ४ गिगाबाइटपर्यंतच पोहोचता येते. याच अवकाशात मुख्य स्मृती व कार्डांचे पट्टे दोन्ही बसवावे लागतात. ४ गिगाबाइट स्मृती बसविलेल्या संगणकावर ३२ अंकी विंडोज सव्वातीन गिगाबाइटच्या आसपासच स्मृती दाखवीत असे, त्याचे कारण हेच होते.

६४ अंकी प्रोसेसर आल्यावरही अडचण पूर्णतः संपली नाही. सेतूच्या तीन खिडक्यांपैकी केवळ प्रीफेचेबल खिडकीच ६४ अंकी होऊ शकते. साध्या स्मृती-पत्त्यांची खिडकी आजही ४ गिगाबाइटच्या खालीच असावी लागते. आलेखी कार्डे दीर्घकाळ २५६ मेगाबाइटच्या पट्ट्यावर भागवीत असत. गणनेसाठीची जीपीयू कार्डे मात्र कित्येक गिगाबाइट मागतात. त्यांच्यासाठी फर्मवेअरमध्ये '४ जी वरील पत्ते' हा पर्याय चालू असावा लागतो. कार्डाने आपल्या पट्ट्याचा आकार लहान-मोठा करून देण्याची सोय पीसीआय एक्सप्रेसमध्ये २००८ साली आली. आकार वाढविताना वरच्या प्रत्येक सेतूची खिडकीही वाढवावी लागते, म्हणून हे कामही सरतेशेवटी कर्नेलच्या सेतू-मांडणीवरच येऊन थांबते.

८. प्रयोगशाळेसाठी निदानाची पद्धत

वरील विवेचनावरून बंद कार्डाची तीन प्रकारांत विभागणी करता येते.

(अ) कार्ड यादीतच दिसत नाही. लिनक्सवरील 'एलएसपीसीआय' ही आज्ञा संपूर्ण वृक्ष दाखविते. तीत कार्ड नसेल तर संपर्क, वीजपुरवठा, खाच अथवा कार्ड यांत दोष असण्याची शक्यता अधिक असते.

(आ) कार्ड यादीत आहे, परंतु पत्ता दिलेला नाही. त्याच आज्ञेच्या सविस्तर रूपात पट्ट्यापुढे 'अनअसाइन्ड' अथवा 'डिसेबल्ड' असे शब्द दिसतात. कर्नेलच्या प्रारंभिक नोंदींत 'जागा नाही' या अर्थाचा संदेश आढळतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये संकेतांक १२ हा याच अर्थाचा असतो. येथे कार्ड सदोष ठरविण्यास आधार नाही. ते दुसऱ्या खाचेत लावून पाहावे, अनावश्यक कार्डे काढावीत, फर्मवेअरमधील पर्याय तपासावेत, फर्मवेअर अद्ययावत करावे आणि लिनक्स असल्यास 'रीॲलॉक' पर्याय देऊन पाहावा.

(इ) कार्डास पत्ता मिळाला आहे, तरी काम होत नाही. येथे चालक उपलब्ध आहे का, तो त्या प्रणालीस अनुरूप आहे का, हे प्रथम पाहावे आणि त्यानंतरच कार्डातील दोषाचा विचार करावा.

यांपैकी पहिला प्रकार व तिसऱ्याचा काही भाग यांतच निर्लेखनाचा विचार योग्य ठरतो. दुसऱ्या प्रकारातील कार्ड दुसऱ्या संगणकात निर्वेधपणे चालू शकते.

निष्कर्ष :

१) सेतू कार्डांना ओळखत नाही, तो केवळ पत्त्यांचा पट्टा ओळखतो. म्हणून कार्डाची उपयुक्तता त्याच्या वरच्या प्रत्येक सेतूच्या खिडकीवर अवलंबून असते.

२) मागणीचे मोजमाप टोकाकडून मुळाकडे व वाटप मुळाकडून टोकाकडे होते. अखंडता व योग्य आरंभ या दोन अटींमुळे मोकळी जागा असूनही वाटप अयशस्वी होऊ शकते.

३) फर्मवेअरचे वाटप मान्य करणे सुरक्षित असले तरी पुरेसे नसते, आणि ते मोडणे पुरेसे असले तरी नेहमी सुरक्षित नसते. आधुनिक कर्नेलची सर्व धोरणे या दोहोंमधील तडजोडी आहेत.

४) प्रयोगशाळेतील कार्ड निर्लेखित करण्याच्या प्रस्तावासोबत ते वरील कोणत्या प्रकारात मोडते याची नोंद जोडण्याची पद्धत विभागांनी स्वीकारावी. त्यासाठी कोणताही खर्च येत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही तपासणी प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. त्यायोगे परिचालन प्रणालीचा अभ्यास प्रत्यक्ष यंत्रावर होईल आणि महाविद्यालयाची काही उपकरणेही वाचतील.